महायुद्धानंतरचा विद्यार्थी

शाळेत आपण युद्धांचा जो इतिहास शिकतो, तो बहुधा लढायांच्या सनांचा, सेनापतींच्या नावांचा आणि तहांच्या कलमांचा असतो. तोफा थंडावल्या की ते प्रकरण संपते आणि विद्यार्थी पान उलटतो. परंतु ज्या तरुणांच्या आयुष्यातील ऐन अध्ययनाची वर्षे त्या युद्धाने गिळून टाकली, त्यांच्यापुढील प्रश्न तोफा थंडावल्यावरच उभा राहतो. वर्गातील आपली जागा दुसऱ्याने घेतली आहे, सोबती पुढे निघून गेले आहेत, शिकलेले निम्मे विस्मृतीत गेले आहे आणि घरची स्थिती पूर्वीसारखी राहिलेली नाही. अशा वेळी पुस्तक पुन्हा उघडावे की नाही? दुसरे महायुद्ध सप्टेंबर १९३९ मध्ये सुरू होऊन सप्टेंबर १९४५ मध्ये संपले. त्यानंतरच्या चार-पाच वर्षांत जगातील लक्षावधी तरुणांस हा प्रश्न पडला. आपल्या नागपुरात तो कोणत्या रूपाने उभा राहिला आणि येथील विद्यार्थ्यांनी त्यास काय उत्तर दिले, हे समजून घेणे आजच्या विद्यार्थ्यांस, आणि विशेषेकरून त्यांच्या पालकांस, उपयोगाचे होईल असे वाटते.

प्रथम बाहेरच्या जगाकडे दृष्टी टाकू. अमेरिकेने युद्ध चालू असतानाच, २२ जून १९४४ रोजी, परतणाऱ्या सैनिकांसाठी एक कायदा केला. 'जी. आय. बिल' या नावाने तो प्रसिद्ध आहे. सैनिकाने शिकावयाचे ठरविल्यास त्याची फी व निर्वाहाचा खर्च सरकारने द्यावा, अशी त्यात तरतूद होती. सुमारे २२ लाख माजी सैनिक ह्या सवलतीच्या आधारे महाविद्यालयांत दाखल झाले, आणि १९४७ साली तेथील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांपैकी जवळजवळ निम्मे हे माजी सैनिकच होते. पंचविशी ओलांडलेले, कित्येक तर बायकामुले असलेले असे हे विद्यार्थी लष्करी पत्र्याच्या खोल्यांतून राहत आणि रात्री मूल निजल्यावर अभ्यासास बसत. एवढ्या मोठ्या वयाच्या व सराव सुटलेल्या लोकांमुळे विद्येचा दर्जा खालावेल, अशी भीती काही नामांकित विद्यापीठांच्या अध्यक्षांस वाटली होती. प्रत्यक्षात हेच विद्यार्थी वर्गात सर्वांत मन लावून शिकणारे ठरले. गेलेल्या वेळेची किंमत त्यांस कोणी निराळी शिकवावी लागली नाही.

पराभूत जर्मनीत चित्र अधिक करुण होते. गटिंगेनचे विद्यापीठ फारशी पडझड न झाल्यामुळे सप्टेंबर १९४५ मध्येच उघडले. परंतु इतर अनेक ठिकाणी इमारतींच्या जागी विटांचे ढीग उरले होते. तेथे प्रवेश हवा असेल तर विद्यार्थ्याने अगोदर ठरावीक दिवस तो ढिगारा उपसण्याचे काम करावे, असा नियम होता. ज्या वर्गात बसावयाचे त्याच्या भिंती अगोदर स्वतः उभ्या करावयाच्या, अशी ती स्थिती होती.

आपल्या नागपुरावर बाँब पडले नाहीत. येथील महाविद्यालयांच्या भिंती शाबूत राहिल्या. असे असता येथील विद्यार्थ्याच्या आयुष्यात खंड पडला तो कशाने? हे समजण्यासाठी विद्यापीठाच्या पूर्ववृत्ताकडे थोडे वळले पाहिजे.

नागपुरात उच्च शिक्षणाची सुरुवात एकोणिसाव्या शतकातच झाली. हिस्लॉप कॉलेज १८८३ साली व मॉरिस कॉलेज १८८५ साली निघाले. परंतु येथे स्वतःचे विद्यापीठ नसल्यामुळे ही महाविद्यालये प्रथम कलकत्त्याच्या व पुढे अलाहाबादच्या विद्यापीठास जोडलेली होती. नागपूर विद्यापीठाची स्थापना ४ ऑगस्ट १९२३ रोजी झाली, आणि सर बिपिन कृष्ण बोस हे त्याचे पहिले कुलगुरू झाले. प्रारंभी सहा महाविद्यालये व हजाराहूनही कमी विद्यार्थी, एवढाच त्याचा संसार होता. ही स्थापना पहिल्या महायुद्धानंतरच्या खळबळीच्या काळातील आहे, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. डिसेंबर १९२० मध्ये ह्याच शहरात भरलेल्या राष्ट्रीय सभेने असहकाराचा ठराव कायम करून सरकारी शाळा-महाविद्यालये सोडण्याचा पुकार केला होता. म्हणजे वर्ग सोडावा की वर्गात राहावे, हा प्रश्न येथील विद्यापीठाच्या जन्मापूर्वीच विद्यार्थ्यांच्या दारात येऊन उभा होता.

दुसरे महायुद्ध सुरू होण्याच्या काही महिने अगोदरची एक हकीकत नागपूरकरांनी अभिमानाने सांगावी अशी आहे. निजामाच्या राज्यात १९३८ च्या अखेरीस, वसतिगृहातील प्रार्थनेत 'वंदे मातरम्' म्हणण्यावरून औरंगाबाद व हैदराबाद येथील विद्यार्थ्यांची चळवळ उभी राहिली. उस्मानिया विद्यापीठाने शेकडो विद्यार्थ्यांस काढून टाकले. त्या संस्थानात दुसरे विद्यापीठ नव्हते. परीक्षा तोंडावर आलेली, आणि दार कायमचे बंद! अशा वेळी नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू तुकाराम जयराम केदार यांनी ह्या विद्यार्थ्यांस येथे प्रवेश दिला. उस्मानियात शिक्षण उर्दूतून चाले, येथे ते इंग्रजीतून होते. गाव नवे, भाषा नवी, घर दूर. तरी ही मुले येथे शिकून पदवीधर झाली. ह्या चळवळीशी ज्यांचे नाव जोडलेले आहे आणि ज्यांनी पुढे नागपूर विद्यापीठातून कायद्याची पदवी घेतली, ते पी. व्ही. नरसिंह राव १९९१ साली भारताचे पंतप्रधान झाले. आपल्या रामदासपेठेत विद्यापीठाचे जे मोठे ग्रंथालय आहे, त्यास आज त्यांचेच नाव आहे. त्या इमारतीवरून रोज जाणाऱ्या-येणाऱ्या मुलांनी एवढे लक्षात ठेवावे की, त्या नावामागे एका मोडलेल्या शैक्षणिक वर्षाची आणि ते सांधून देणाऱ्या एका विद्यापीठाची कथा आहे.

पुढे युद्ध पेटले. डिसेंबर १९४१ मध्ये जपान त्यात उतरला आणि त्याची झळ विदर्भास निराळ्याच वाटेने लागली. वऱ्हाडातील आखूड धाग्याच्या कापसाचा जपान हा मोठा गिऱ्हाईक होता. ते गिऱ्हाईक शत्रू होताच कापसाची बाजारपेठ कोसळली. ज्या घरचा मुलगा नागपुरास शिकत होता, त्या घरी त्याची फी व खाणावळीचे पैसे कापूस विकूनच येत. यवतमाळ किंवा अमरावतीकडील शेतकरी बापास रंगून आणि सिंगापूर नकाशावर दाखविता आले नसते. पण तेथील युद्धाचा हिशेब त्याच्या मुलाच्या फीत झाला.

त्यानंतर ऑगस्ट १९४२ आला. 'चले जाव'चा ठराव होताच नागपूर, चिमूर, आष्टी येथे जे घडले ते सर्वश्रुत आहे. नागपुरातील शंकर महाले ह्या कोवळ्या तरुणास १९ जानेवारी १९४३ रोजी फाशी देण्यात आले. अनेक विद्यार्थ्यांनी वर्ग सोडले. कित्येक पकडले गेले, कित्येक भूमिगत झाले. त्याच सुमारास दुसरे काही तरुण युद्धाच्या नोकरीवर गेले होते. हिंदुस्थानी सैन्याची संख्या त्या युद्धात सुमारे २५ लाखांवर गेली. त्यात शिपायांबरोबर कारकून, तारायंत्री, वैद्यक मदतनीस अशी शिकलेली मुलेही होती. कोणी देशासाठी कारागृहात गेला, कोणी घरच्या गरजेसाठी बराकीत गेला. परिणाम दोघांचाही एकच, अभ्यासात खंड.

युद्ध संपल्यावर हे दोन्ही प्रकारचे तरुण परत आले. अमेरिकेच्या वर्गांत माजी सैनिक येऊन बसले, तसे आपल्या वर्गांत माजी सैनिकांबरोबर माजी राजबंदीही येऊन बसले. हाच आपल्याकडील युद्धोत्तर विद्यार्थी-जीवनाचा विशेष होय. सरकारने युद्धात सेवा केलेल्यांसाठी नोकऱ्यांतील काही जागा राखून ठेविल्या होत्या. तुरुंगातून आलेल्यास अशी काही आशा नव्हती. नोव्हेंबर १९४५ मध्ये लाल किल्ल्यात आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवर खटला सुरू झाला, तेव्हा देशभरचा विद्यार्थिवर्ग पेटून उठला. एकाच बाकावर बसलेल्या दोघांची मने त्या दिवसांत परस्परांविषयी किती अवघडलेली असतील, ह्याची कल्पना करता येते. तरी वर्ग दोघांसही एकच होता, परीक्षा एकच होती, आणि त्यांच्याहून चार-पाच वर्षांनी लहान असलेली मुले दोघांच्याही पुढे होती. कालचा पुढारी आज धाकट्या मुलाकडून टिपणे मागून घेऊन उतरून काढू लागला, की त्यास अभिमान गिळावा लागे. सभेत भाषण करण्यास लागणाऱ्या धैर्याहून हे धैर्य कमी प्रतीचे नव्हते.

ह्या विद्यार्थ्यांचे नित्याचे जीवन कसे होते, तेही पाहू. युद्धापूर्वीच्या मानाने १९४५ पर्यंत घाऊक भाव सुमारे अडीच पट झाले होते. पगारदार बापाचा पगार त्या प्रमाणात वाढला नव्हता. धान्य, कापड, रॉकेल, कागद, सर्वांवर नियंत्रण आले होते. देशातील धान्यटंचाईमुळे १९४६ च्या आरंभी माणशी रोजचे धान्य १२ औंसांवर, म्हणजे सुमारे दीड पावशेरावर, आणले गेले. आपल्याकडे गरीब विद्यार्थ्याने 'वार' लावून जेवण्याची जुनी चाल होती. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, अशा रीतीने सात घरी जेवून कित्येक नामवंत पुरुषांनी विद्या संपादन केली. परंतु शिधा मोजून मिळू लागल्यावर त्या पाहुण्याचे पान म्हणजे घरच्या मुलाबाळांच्या घासातून काढलेला वाटा झाला. ज्या गृहिणींनी अशा दिवसांतही आपल्या घरचा वार चालू ठेविला, त्यांची नावे कोणत्याही इतिहासात नाहीत. परंतु त्या पिढीच्या पदव्यांत त्यांचा मोठा वाटा आहे.

कागदाची टंचाई तर विद्यार्थ्यास पदोपदी जाणवे. युद्धकाळात कागदाचा वापर सरकारी हुकुमाने मर्यादित झाला होता. वहीच्या दोन्ही बाजू, समास सोडल्याशिवाय, बारीक अक्षरात भरून काढणे हा काटकसरीचा साधा नियम झाला. विलायतेहून येणारी पुस्तके तेथील कागदटंचाईमुळे व जहाजांच्या अडचणींमुळे दुर्मीळ झाली. एक पुस्तक पाच-सहा जणांत फिरे. ज्याच्या वाट्यास ते रात्रीचे येई, तो रात्रीतून त्याचा सारांश उतरून घेई. हाताने उतरलेले मनात उतरते, असा अनुभव त्या पिढीचे लोक पुढे सांगत असत.

घड्याळानेही विद्यार्थ्याची परीक्षा पाहिली. युद्धाच्या सोयीसाठी १ सप्टेंबर १९४२ पासून हिंदुस्थानातील घड्याळे एक तास पुढे करण्यात आली होती. ती १५ ऑक्टोबर १९४५ रोजी पूर्ववत झाली. नागपूर ज्या रेखांशावर आहे, तेथे ह्या 'युद्धवेळे'प्रमाणे सूर्य माथ्यावर येई तो दुपारी सव्वा वाजता, आणि जानेवारीत सूर्योदय होईपर्यंत घड्याळात आठ वाजावयास येत. सकाळचा वर्ग गाठणाऱ्या मुलास अंधारात उठावे लागे, आणि कंदिलास रॉकेल तर मोजून मिळे.

एवढ्या अडचणीत ह्या पिढीपुढे आणखी एक मोठे काम आले, ते भाषेचे. देश स्वतंत्र होण्याच्या सुमारास पदवी-शिक्षण मराठीतून व हिंदीतून देण्याचे पाऊल नागपूर विद्यापीठाने उचलले. ह्या बाबतीत ते देशातील अग्रेसर विद्यापीठांपैकी एक होते. निर्णय योग्य होता. परंतु तो अमलात आणणे सोपे नव्हते. शिकविणारे प्राध्यापक स्वतः इंग्रजीतून शिकलेले; मराठीत पाठ्यपुस्तके थोडी; अर्थशास्त्र, तर्कशास्त्र, राज्यशास्त्र ह्यांतील शब्दांस मराठी प्रतिशब्द निश्चित झालेले नाहीत. एकाच संज्ञेस एका वर्गात एक शब्द, तर शेजारच्या वर्गात दुसरा. ह्याच सुमारास कोशकार डॉ. रघुवीर यांची संस्था लाहोरहून नागपुरास आली होती आणि संस्कृत धातूंवरून हजारो पारिभाषिक शब्द घडविण्याचे काम येथे चालू होते. त्यांतील काही शब्द रुळले, काही अवघड म्हणून हसण्यावारी गेले. परंतु इंग्रजीत पाठ केलेला विचार स्वतःच्या भाषेत मांडताना तो आपणास खरोखर समजला आहे किंवा नाही, हे विद्यार्थ्यास तत्काळ कळून येई. घोकंपट्टीस तेथे थारा नव्हता.

युद्धानंतरच्या ह्या काळात नवी दारेही उघडली. कामठीचे दानशूर रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी उपयोजित विज्ञानाच्या शिक्षणासाठी आपली मोठी संपत्ती विद्यापीठास ठेविली होती. तिच्यातून ऐन युद्धात, १९४२ साली, लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्था निघाली, आणि युद्धोत्तर उद्योगधंद्यांस लागणारे रसायनज्ञ व तंत्रज्ञ तेथून बाहेर पडू लागले. भोर समितीने १९४६ साली वैद्यकाच्या शिक्षणाची नवी दिशा दाखविली. १९४७ मध्ये नागपुरात वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. हिस्लॉप कॉलेजात शिकून पुढे ह्याच विद्यापीठाचे कुलगुरू झालेले डॉ. हरिसिंग गौर यांनी आपल्या आयुष्याच्या कमाईतून १८ जुलै १९४६ रोजी सागर येथे विद्यापीठ उभे केले. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांची वस्ती जरीपटक्यास वसली, आणि त्यांच्या मुलांनीही येथील शाळा-महाविद्यालयांत पुन्हा आरंभापासून आपले जीवन सुरू केले. ज्यांच्याजवळ जन्माचा दाखलाही उरला नव्हता, त्यांस विद्येशिवाय दुसरे भांडवल कोणते?

वाचकहो, ही सर्व हकीकत जुनी म्हणून बाजूस ठेवण्यासारखी नाही. मार्च २०२० मध्ये महामारीमुळे आपल्या शाळा बंद झाल्या आणि एका साऱ्या पिढीच्या अभ्यासात खंड पडला. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनमध्ये युद्ध सुरू झाले, तेव्हा तेथे वैद्यक शिकणारे सुमारे १८ हजार भारतीय विद्यार्थी अर्धा अभ्यासक्रम टाकून मायदेशी परतले. याखेरीज घरचे आजारपण, वडिलांची गेलेली नोकरी, एखाद्या विषयातील अपयश, अशी लहान लहान युद्धे तर प्रत्येक वर्गात कोणाच्या ना कोणाच्या वाट्यास येतच असतात. अशा वेळी पालकांच्या तोंडून सहज निघून जाते, 'याचे वर्ष फुकट गेले.' मुलगा ते ऐकतो, आणि आपणच फुकट गेलो असे मनाशी धरून बसतो.

१९४५ नंतरच्या विद्यार्थ्यांकडे पाहिले असता ह्या समजुतीतील चूक ध्यानात येते. त्यांचे एक वर्ष गेले नव्हते, तीन-तीन, चार-चार वर्षे गेली होती. ती परत मिळाली नाहीत, हेही खरे. परंतु परत येऊन ज्यांनी पुस्तक उघडले, त्यांपैकीच पुढे शिक्षक झाले, डॉक्टर झाले, वकील झाले, आणि नव्या स्वतंत्र देशाची कचेरी, शाळा व दवाखाने त्यांनीच चालविले. त्यांस तीन गोष्टींचा आधार होता. दार उघडे ठेवणारी संस्था, घासातला घास देणारे घर, आणि धाकट्याच्या शेजारी बसण्यास न लाजणारे स्वतःचे मन. ह्यांतील पहिली गोष्ट शाळेच्या हाती आहे, दुसरी पालकांच्या, आणि तिसरी विद्यार्थ्याच्या. तिन्हींपैकी एक जरी ढासळली तरी उरलेल्या दोहोंवर भार पडतो.

आपल्या विद्यापीठास २००५ पासून राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे नाव देण्यात आले आहे. १९४२ च्या आंदोलनात तुकडोजी महाराजांसही अटक होऊन नागपूर व रायपूर येथील कारागृहांत ठेवण्यात आले होते. त्यांनी स्वतः कोणतीही पदवी घेतलेली नव्हती. तरीही दरवर्षी हजारो पदव्यांवर आज त्यांचे नाव छापले जाते. विद्येच्या मार्गात आलेला खंड हा विद्येचा शेवट नव्हे, हे सांगण्यास ह्याहून समर्पक नाव दुसरे कोणते मिळाले असते? तेव्हा, विद्यार्थी मित्रहो, तुमच्या वर्गात वर्षभराच्या गैरहजेरीनंतर एखादा मुलगा संकोचाने शेवटच्या बाकावर येऊन बसला, तर आपली वही त्याच्यापुढे सरकवा. १९४६ साली ज्या धाकट्या मुलांनी हे केले, त्यांनी आपण देशाच्या उभारणीस हातभार लावीत आहो असे मनातही आणले नसेल. परंतु तो हातभार लागला, ह्यात संशय नाही.